ॲम्प आहे, गिटार कुठाय?

परवा विमानतळावर सुरक्षा तपासणीत माझी बॅग सगळ्यांच्या बॅगांबरोबर सरळ न येता बाजूच्या पट्ट्यावर वळली. तेव्हा मला कळलं की गेले चार महिने आपण भलत्याच विषयाचा अभ्यास करत होतो.

"ही बॅग कोणाची?"

मी हात वर केला. त्या बॅगेतून अधिकाऱ्यांनी एक काळी वस्तू काढली. विटेएवढी, पुढे जाळी, वर चार बटणं, मागे दोन भोकं.

"काय आहे हे?"

"ॲम्प."

"काय?"

"ॲम्प्लिफायर. गिटारचा आवाज मोठा करायचा."

त्यांनी पुन्हा बॅगेत डोकावून पाहिलं. चड्ड्या-बनियन वरखाली केले. मग माझ्याकडे पाहिलं.

"गिटार कुठाय?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच मला जास्त राग आला. गिटार नव्हती. जिथे चाललो होतो तिथे एका मित्राकडे गिटार धूळ खात पडलेली आहे, म्हणून मी फक्त ॲम्प घेतला होता. घरून निघताना हा विचार फार शहाणपणाचा वाटला होता. तिथे, अनवाणी उभं राहून सांगताना, मी घोडा मित्राकडे ठेवून नुसता लगाम घेऊन निघालेल्या माणसासारखा दिसत होतो.

"अहो, असेल स्पीकर! जाऊ द्या त्यांना," मागून आवाज आला.

मागे एक काका होते. त्यांचा कमरेचा पट्टा ट्रेमध्ये गेलेला, त्यामुळे एका हाताने पँट धरलेली आणि दुसरा हात बोलण्यासाठी मोकळा. पुढची दहा मिनिटं हा मोकळा हात माझ्या संसारात होता.

"स्पीकर नाही, ॲम्प आहे," मी म्हणालो. ही माझी पहिली चूक. स्पीकर म्हणालो असतो तर कदाचित तिथेच सुटलो असतो. पण प्रवासात न्यायला कुठला ॲम्प घ्यावा, याचा चार महिने अभ्यास केलेल्या माणसाला चुकीचा शब्द सहन होत नाही.

"वॅट किती?" काकांनी विचारलं.

"पाच."

"पाच?" काका रांगेकडे वळले, जणू रांगेचंही मत हवं होतं. "घरचा मिक्सर साडेसातशे वॅटचा आहे आमचा!"

"मिक्सरवर गिटार वाजत नाही, काका."

"पण आवाज येतो ना?"

यावर उत्तर नाही. खरं सांगायचं तर वॅटचं हे खूळ काकांचं एकट्याचं नाही. मीही पहिला महिना त्यातच घालवला. तीन वॅट की पाच, पाच की दहा, की सरळ वीस? नंतर कळलं की वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, कानाला "हं, जरासा मोठा" इतकाच. ऐकणाऱ्याला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे पाच वॅटच्या दुप्पट मोठा आवाज हवा असेल तर पन्नास वॅट. त्यातही खरा खेळ स्पीकरचा. मोठा बारा इंची स्पीकर एका वॅटमध्ये जो दणका देतो, तो तीन इंची स्पीकरला पाच वॅट पाजूनही जमत नाही. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनांच्या आसपास बोलते. मुठीएवढ्या स्पीकरमधून तो खर्ज नीट निघतच नाही. वरचे स्वर ऐकून आपले कानच बिचारे खालचा भरून घेतात. थोडक्यात, प्रवासी ॲम्पमधला अर्धा आवाज आपण पदरचा घालतो.

हे सगळं मी काकांना सांगितलं. होय, तिथेच. एक्स-रे यंत्राशेजारी.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पन्नासचा घेतला असता तरी दुप्पटच?"

"हो."

"मग हा पाचचा तरी कशाला घेतला?"

अधिकाऱ्यांना आमच्या चर्चेत रस नव्हता. त्यांनी ॲम्पवरून कापडाची एक पट्टी फिरवली, ती यंत्रात घातली, यंत्राने काही तक्रार केली नाही. मग त्यांनी ॲम्प उलटा केला. "बॅटरी किती वॅट-आवरची?"

"पाच वॅट!" काका म्हणाले.

"वॅट नाही, वॅट-आवर."

वॅट म्हणजे ॲम्पची ताकद, वॅट-आवर म्हणजे बॅटरीत साठलेली ऊर्जा. आता इथे माझ्या चार महिन्यांचा हिशेब मांडायलाच हवा. मी सत्तरएक व्हिडिओ पाहिले. त्या सगळ्यांत एक प्रसन्न माणूस गुबगुबीत फोम लावलेल्या खोलीत बसलेला असतो, माइक ॲम्पच्या तोंडाशी असतो, आणि तो "बघा, एवढासा डबा आणि काय आवाज!" म्हणत आपल्या आयुष्यात कधीही न येणारं काहीतरी वाजवतो. त्या माइकला डबा पाच वॅटचा आहे की पन्नासचा, काय कळणार? हा माणूस तेहतीस प्रकारचे नकली ॲम्प, म्हणजे डब्यात भरलेल्या मोठ्या ॲम्पच्या आवाजाच्या नकला, एकेक करून ऐकवतो. त्यातले एकतीस आपण पहिल्या दिवशी ऐकतो आणि पुढे जन्मभर एकच वापरतो, बहुतेक "क्लीन", म्हणजे साधा स्वच्छ आवाज. पण हा डबा चार्जिंगला लावून वाजवला की त्यातून डासासारखी बारीक गुणगुण येते का, हे तो सांगत नाही. बारीक आवाजात नुसता ठेवला तर फसफसतो का, नाही. हेडफोनचं भोक पिशवीतून चाचपून सापडतं का, नाही. बॅटरी मेली तर बदलता येते का, मुळीच नाही. आणि खालच्या लेबलवर काय लिहिलंय, यावर तर आजवर एकाही माणसाने व्हिडिओ केलेला नाही. मी आता खात्रीने सांगतो, प्रवासी ॲम्पचा सगळ्यात महत्त्वाचा अवयव म्हणजे ते लेबल.

तर अधिकारी लेबल शोधत होते. ते काळ्यावर करड्या अक्षरांत होतं, आणि त्याच्या एका कोपऱ्यावर कारखान्यातल्या कुणा हुशार माणसाने रबरी पाय चिकटवला होता. दिसत होतं ते एवढंच: ३००० मिलिअँपिअर-आवर. व्होल्ट पायाखाली. आणि वॅट-आवर छापलेच नव्हते. विमानात साधारण १०० वॅट-आवरपर्यंतची लिथियम बॅटरी जवळच्या सामानात चालते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, हे मला पाठ होतं. पण जगातल्या सगळ्या विमानतळांवर विचारला जाणारा आकडा लेबलवर छापायला त्या लोकांचं काय जात होतं? तेहतीस नकली ॲम्प आत कोंबायला जागा सापडली, एका आकड्याला सापडली नाही.

मी नखाने पाय उचकटला. खाली ३.७ व्होल्ट.

"गुणाकार करायचा," मी म्हणालो. "व्होल्ट गुणिले..."

"तीन पूर्णांक सात गुणिले तीन हजार," काका डोळे मिटून पुटपुटू लागले. मग डोळे उघडले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अकरा हजार शंभर!"

शांतता पसरली.

"मर्यादा किती आहे हो?" काकांनी अधिकाऱ्यांना विचारलं.

"शंभर."

"बाप रे," काका म्हणाले आणि माझ्यापासून एक पाऊल मागे सरकले. पँट धरून.

"हजाराने भागायचं, काका! मिली आहे तो. अकरा पूर्णांक एक येतात. अकरा!"

"आत्ता तर अकरा हजार होते."

"अकरा हजार मिलिवॅट-आवर!"

"म्हणजे आहेतच की."

माणसाला गणित येणं आणि माणसाला अर्धं गणित येणं यात दुसरं जास्त धोकादायक. अधिकाऱ्यांनी सुदैवाने मोबाइल काढून भागाकार केला, मान डोलावली. पण "शंका नको" म्हणून ते म्हणाले, "चालू करून दाखवा."

"चालू होईल, पण वाजवायला गिटार लागेल."

"ती कुठाय?"

पुन्हा मित्र, पुन्हा धूळ.

एके काळी हे सोपं होतं. १९७३ साली अमेरिकेत पिगनोज नावाचा एक ॲम्प आला. लाकडी पेटी, आत पेन्सिल सेल, बाहेर एकच बटण, तेही डुकराच्या नाकासारखं. तो पाहून "हे काय आहे?" विचारलं जाईल, पण "किती वॅट-आवर?" कोण विचारणार? १९८२ मध्ये बोस्टन या रॉक बँडच्या टॉम शोल्झने रॉकमन नावाचा छोटा ॲम्प काढला, पट्ट्याला अडकवायचा, हेडफोनवर ऐकायचा. हा गृहस्थ अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकलेला इंजिनिअर. त्याला मिली कुठे लावायचा ते माहीत असणार. पेन्सिल सेलवर चालणारे ॲम्प आजही मिळतात, पण मी ते "जुनाट" म्हणून बाद केले होते. सेल संपले तर कुठेही मिळतात, लेबल वाचावं लागत नाही, हा विचार तेव्हा सुचला नाही. चार्जिंगचं भोक दिसलं की आपल्याला उगाच आधुनिक वाटतं.

"ब्लूटूथ आहे ना त्याला?" काकांचा मोकळा हात पुन्हा पुढे आला. "मग गाणं लावून दाखवा की!"

सूचना चांगली होती. काकांची होती म्हणून मला ती आवडली नाही.

"ब्लूटूथ गिटारसाठी नसतो," मी म्हणालो. दुसरी चूक. "ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. दीडशे-दोनशे मिलिसेकंद. दोनशे मिलिसेकंदांत आवाज हवेतून ६९ मीटर जातो. म्हणजे समजा आपण इथे तार छेडली आणि ॲम्प त्या टोकाला, त्या स्वच्छतागृहापाशी ठेवला..."

"मग तिकडे जाऊन लावा," मागून कुणी तरी तिसराच म्हणाला. रांग बरीच वाढली होती.

"गाणं ऐकायला चालतं ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ऐकायला चालतं."

"मग लावा."

मी मोबाइल काढला. ॲम्प चालू केला. आतून एक बाई फार उत्साहाने काहीतरी म्हणाली, बहुधा जोडणी झाल्याचं. काका खूश झाले. मी घाईघाईत शेवटचं जे काही उघडं होतं त्यावर बोट ठेवलं.

आदल्या रात्री मी सराव करत होतो. नवशिक्याचा सराव. फार सावकाश. मिनिटाला साठ ठोके.

टिक्.

टिक्.

टिक्.

मेट्रोनोम, म्हणजे सरावासाठी ठोके मोजून देणारी टिकटिक, ही वाद्यशिक्षणातली अतिशय निरुपद्रवी गोष्ट आहे. घड्याळाच्या सेकंदकाट्याइतकी नियमित, स्वच्छ, कोरडी. पण विमानतळावर, सुरक्षा तपासणीच्या टेबलावर, एका काळ्या डब्यातून, ज्याच्या मालकाला तो काय आहे हे दहा मिनिटं पटवून देता आलेलं नाही, ती तितकी निरुपद्रवी वाटत नाही.

"बंद करा," अधिकारी म्हणाले. आवाज न चढवता. तसा आवाज मी शाळेनंतर ऐकला नव्हता.

मी मोबाइलवर बंद केलं. पण ब्लूटूथ उशिरा पोचतो, हे मीच सांगितलं होतं.

टिक्.

या शेवटच्या ठोक्याला काकांनी पँट सोडून दोन्ही हात कानांवर नेले. पुढचं सांगत नाही. त्यांनी ती लगेच सावरली.

अधिकारी हसले नाहीत, पण त्यांच्या मागचा तरुण अधिकारी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलत होते. मग आणखी एक बाई अधिकारी आल्या. त्यांनी ॲम्प हातात घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शिकताय का?" मी हो म्हणालो. "माझा मुलगाही शिकतो," त्या म्हणाल्या, "त्याचंही असंच असतं, टिक् टिक्. गाणं काही येत नाही." आणि त्यांनी मला सोडलं. पाच मिनिटं जे लेबलला जमलं नाही, जे भागाकाराला जमलं नाही, ते माझ्या वादनाच्या दर्जाने एका वाक्यात केलं. सुटल्याचा आनंद मानावा की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुक्कामी पोचलो. मित्राची गिटार खरंच धुळीत होती, तारा गंजलेल्या. रात्री हॉटेलात जोडणी केली. भिंती अशा की पलीकडच्या खोलीतली खोकल्याची ढास मला ऐकू येत होती, म्हणजे माझी गिटार त्यांना नक्कीच ऐकू गेली असती. मी मुकाट्याने हेडफोन लावले. पुढचे चारही दिवस तेच. याच कामासाठी काडेपेटीएवढा, सरळ गिटारच्या भोकात खोचायचा एक डबा मिळतो. खिशात मावतो, त्याला स्पीकरच नसतो. तो मी दुसऱ्याच महिन्यात यादीतून काढून टाकला होता, कारण "हवेत घुमणारा आवाज" मला हवा होता. हवेत माझ्या ॲम्पचा आवाज आजवर एकदाच घुमला. चार ठोके. बरोबर मोजले, काकांनीही मोजले असतील.

काकांचं एक सांगायचं राहिलंच. विमानात ते माझ्या पलीकडच्या रांगेत होते. पट्टा आता जागेवर, दोन्ही हात मोकळे. मी बॅग वर ठेवत असताना ते जरासे वाकले आणि आपण एका कटात सामील असल्यासारखं हळूच म्हणाले,

"आवाज मात्र खणखणीत आहे हो. पाच वॅटच्या मानाने."