५४० ग्रॅमचा जोखमीचा ऐवज

सांगलीच्या एका सहकारी बँकेत ३४ वर्षे रोखपाल म्हणून काढल्यानंतर, दुसऱ्याची मौल्यवान वस्तू हातात कशी घ्यावी आणि ती जशीच्या तशी परत कशी द्यावी, हे मला कोणी शिकवावे अशी वेळ येईल असे वाटले नव्हते. ती वेळ गेल्या जुलैमध्ये न्यू जर्सीतील एडिसन येथे, लेकीच्या घरी आली. शिकवणारी व्यक्ती अकरा वर्षांची होती आणि नात्याने माझी नात लागत होती.

ही नात पाच दिवसांसाठी उन्हाळी शिबिराला जाणार होती, लेक आणि जावई दिवसभर कचेरीत असणार होते, आणि तिच्या खोलीतील चारमजली पिंजऱ्यात डस्टी नावाची चिंचिला राहत होती. चिंचिला म्हणजे सशाचा ऐवज, खारीची शेपटी आणि उंदराचे कान एकत्र आणून निसर्गाने जुळवलेला हिशेब होय. आकार सोललेल्या नारळाएवढा, रंग राखाडी, डोळे टपोरे काळे, आणि चेहऱ्यावर सदैव असा भाव की समोरच्याने काहीतरी अफरातफर केली आहे. आमच्या सौभाग्यवतींनी तिचे नाव पहिल्याच दिवशी 'दुष्टी' असे करून घेतले आणि "उंदीर तो उंदीर, अमेरिकेत राहिला म्हणून काय झालं?" एवढे बोलून त्या खोलीत पाऊल न टाकण्याचा निर्णय जाहीर केला. साहजिकच जोखीम माझ्याकडे आली.

काम एकच होते. रोज संध्याकाळी डस्टीला बाहेर काढायचे, स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवलेल्या वाडग्यात बसवायचे, वजन वहीत लिहायचे आणि तिला परत पिंजऱ्यात ठेवायचे. हा प्राणी आपले आजारपण लपवतो. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, ते वेडेवाकडे वाढले की खाणे सुटते, आणि हे बाहेरून कळायच्या आत वजनाच्या आकड्यात दिसते, म्हणून ही वही. आकडा, वही आणि रोजची नोंद हे शब्द ऐकून मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. रविवारी नातीने स्वतः घेतलेली शेवटची नोंद ५४० ग्रॅम होती. आरंभीची शिल्लक मी मान्य केली.

त्यानंतर माझे प्रशिक्षण सुरू झाले. माझ्याच एका लोकरी मोज्यात अर्धा किलो तांदूळ भरून तो माझ्यापुढे ठेवण्यात आला आणि हीच डस्टी असे समजून तिला उचला, असा आदेश झाला. मी मोजा नोटांच्या बंडलासारखा वरून उचलला. "आजोबा, मेली ती," नात शांतपणे म्हणाली. वरून येणारा हात या प्राण्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो, त्यामुळे हात नेहमी खालून, तळवा वर करून, आधी वास घेऊ देऊन पुढे न्यायचा. मी तसा नेला आणि मोजा मधोमध घट्ट धरला. "आता बरगड्या मोडल्या." तिच्या बरगड्या फार नाजूक असतात, म्हणून छातीला पकड घालायचीच नाही, एक तळवा पुढच्या पायांमागे छातीखाली, दुसरा बुडाखाली, आणि लगेच आपल्या अंगाशी जवळ घ्यायचे, म्हणजे तिचे पाय अधांतरी राहत नाहीत. शेपटीला हात लावायचा तर निव्वळ संकटकाळी, तोही अगदी मुळाशी आणि दुसऱ्या हाताचा आधार देऊन, कारण टोकाला धरल्यास शेपटीला इजा होते. मोज्याला शेपटी नसल्यामुळे हा धडा तोंडी झाला. सातव्या प्रयत्नात मोजा जिवंत राहिला. दरम्यान स्वयंपाकघरातून "डब्यातले तांदूळ कमी कसे झाले?" अशी विचारणा आली, तिला आम्ही दोघांनीही उत्तर दिले नाही.

लाच देऊन कामे होतात असा अनुभव बाळगून असलेल्या माझ्यासारख्या माणसाने तासगावचे बेदाणे सोबत आणले होते. ते मी मोठ्या विश्वासाने पुढे केले. ते जप्त झाले. इतकी साखर तिच्या पोटाला सोसत नाही, तिचे खरे अन्न म्हणजे टिमोथी नावाचे वाळके गवत. तासगावच्या बेदाण्यांना नकार देणारा जीव मी प्रथमच पाहत होतो.

आणखी एक अट होती, तिचा त्रास मात्र चोवीस तास होता. चिंचिलाच्या अंगावर एकेका मुळातून पन्नास-साठ केस उगवतात. (माझ्या डोक्यावर एकेका मुळातून एकेक उगवावा यासाठी मी काय काय तेले चोपडली, तो वेगळा विषय आहे.) एवढी दाट फर अँडीजच्या थंड डोंगरांवर शोभते, पण पंचवीस अंश सेल्सिअसच्या वर पारा गेला की या प्राण्याला उष्माघात होऊ शकतो. त्यामुळे बाहेर न्यू जर्सीचा दमट उन्हाळा तापत असताना घरातील तापमान वीस अंशांवर ठेवलेले होते, आणि मी भर जुलैमध्ये स्वेटर व कानटोपी घालून हिंडत होतो. दारावर पार्सल घेऊन आलेल्या माणसाने मला पाहिले आणि पार्सल पायरीवर ठेवून तो झपाट्याने निघून गेला.

अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक चिंचिला ज्यांच्या वंशातल्या, त्या अकरा चिंचिला मथायस चॅपमन नावाच्या खाण अभियंत्याने १९२३ साली चिलीहून कॅलिफोर्नियात आणल्या, असे नातीने मला सांगितले. उंच डोंगरावरून त्याने त्यांना टप्प्याटप्प्याने, हवा मानवेल अशा बेताने खाली उतरवले, आणि जहाजावर बर्फ ठेवून त्यांना गार राखले. फरसाठी माणसाने त्यांची इतकी शिकार केली होती की रानातल्या चिंचिला आज संकटग्रस्त गणल्या जातात. चॅपमनचा हेतूही फरच्या धंद्याचाच होता, त्यामुळे त्याच्याविषयी फार आदर बाळगण्याचे कारण नाही, परंतु अकरा नग घेऊन समुद्र ओलांडणारा तो माणूस आणि एक नग घेऊन पिंजऱ्यापासून काट्यापर्यंतचे आठ पावलांचे अंतर ओलांडू न शकणारा मी, ही तुलना आठवडाभर माझा पिच्छा पुरवीत राहिली.

सोमवारी संध्याकाळी मी बिनवासाच्या साबणाने हात धुतले, पिंजऱ्यासमोर उभा राहून "काय डस्टीबाई, येऊ का?" असे विचारले, कारण न बोलता दार उघडायचे नसते, आणि तळवा वर करून हात आत सरकवला. डस्टीबाईंनी बोटांचा वास घेतला. दुपारी मी शंकरपाळे खाल्ले होते, त्याचा अंश साबणानंतरही उरला असावा. तिने माझी तर्जनी दातांत धरून हलकेच तपासली, जशी आम्ही पाचशेची नोट उजेडात धरून तपासत असू. ते चावणे नव्हते, चौकशी होती. परंतु मी दचकलो, ती उसळली, आणि घाबरलेल्या माणसाचा हात जे करतो तेच माझ्या हाताने केले, म्हणजे वरून झडप घातली. पुढच्या क्षणी डस्टी पिंजऱ्याच्या चौथ्या मजल्यावर होती आणि माझ्या मुठीत तिच्या पाठीवरच्या फरचा एक मऊ, राखाडी झुबका होता.

मी मटकन खाली बसलो. शत्रूने पकडले की पकडलेल्या जागची फर सोडून देऊन निसटायचे, ही या प्राण्याची युक्ती आहे आणि त्यात कातडीला जखम होत नाही, हे मला सांगितलेले होते, परंतु ऐवज मुठीत तुटून आल्यावर रोखपालाला असले खुलासे आठवत नाहीत. मी तो झुबका एका लिफाफ्यात घातला, वर तारीख लिहिली, आणि मग वहीत, वजन न घेताच, ५४० असा आकडा लिहिला.

रात्री झोप लागली नाही. चौतीस वर्षांत एकही खोटी नोंद केली नव्हती, ती एका उंदरापायी झाली. दोन वाजता उठून मी चोरपावलांनी त्या खोलीत गेलो. डस्टी अर्थातच जागी होती, कारण तिचा दिवस रात्रीच असतो. ती फळीवर बसून माझ्याकडे पाहत राहिली आणि तिच्यादेखत मी ५४० खोडून 'वजन घेतले नाही' असे लिहिले.

मंगळवारी ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. केल्या प्रकाराला तिने क्षमा केली आणि ती मला उठून मान देत आहे, असा माझा समज झाला. चिंचिलाची मादी अशी उभी राहते तेव्हा ती नेम धरत असते, ही माहिती प्रशिक्षणात आलेली होती, पण मोज्यावर तिचे प्रात्यक्षिक झाले नव्हते. चष्मा असल्यामुळे डोळे वाचले. त्यानंतर मात्र रिकामी झालेली डस्टी आपणहून वाडग्यात जाऊन बसली आणि वजन ५३१ भरले. नऊ ग्रॅमची तूट पाहून पूर्वी मला घाम फुटला असता. त्यातली बरीचशी रक्कम कानटोपीवर जमा होती, म्हणून मी निर्धास्त राहिलो.

बुधवारी तिला न्हाणीघरात मोकळे सोडायचे होते. कमोडचे झाकण बंद, बेसिनखालची फट पंचाने बुजवलेली, दार लावलेले. न्हाणीघर असले तरी पाण्याशी संबंध नाही. तिची फर ओली झाली तर आत वाळता वाळत नाही, म्हणून ती बारीक राखेसारख्या धुळीत लोळून स्नान करते, आणि ते तिने आल्याबरोबर केलेही. ते पाहून आमचे पारोसे राहण्याबद्दलचे सर्व संस्कार डळमळले. मग ती भिंतीवर पाय देऊन उलट दिशेला उडी, तिथून टबच्या काठावर, तिथून माझ्या डोक्यावरून पलीकडे, अशी फिरू लागली. पाठलाग करायचा नाही, जमिनीवर बसून वाट पाहायची, ती आपण होऊन येते, अशी शिकवण होती. अडुसष्टाव्या वर्षी मी फरशीवर मांडी घातली. वीस मिनिटांनी ती खरोखरच आली, मांडीवर चढली, स्वेटरचे एक बटण कुरतडू लागली आणि तिथेच स्थिरावली.

आता उठायचे कसे, हा प्रश्न राहिला. माझे गुडघे हातांचा टेकू घेतल्याशिवाय उठत नाहीत, आणि हात तर तिच्याखाली होते. फोन बाहेर होता. मी "अगं ऐकलंस का?" अशी हाक हळू आवाजात मारली, कारण मोठ्या आवाजाने ती बिथरते, आणि हळू आवाजातली हाक आमच्या घरी चाळीस वर्षांत ऐकू गेलेली नाही. पाऊण तासाने सौभाग्यवतींनी दार किलकिले केले, आमच्या दोघांकडे पाहिले आणि "बरं जमलंय की," एवढे बोलून त्या मालिका पाहायला निघून गेल्या. बुधवारची नोंद 'व्यवहार झाला नाही' अशी आहे.

गुरुवारी ते घडले. एक तळवा छातीखाली, एक बुडाखाली, अंगाशी जवळ. तिचे वजन असे जाणवलेच नाही. नुकत्याच पिंजलेल्या कापसात कोणीतरी एक घाईत असलेले घड्याळ गुंडाळून ठेवावे, तसे काहीतरी हातात होते. मी श्वासही बेतानेच घेत होतो. वजन ५३७. शुक्रवारी ५४१.

शुक्रवारी रात्री नात परतली आणि चपला काढण्याआधी तिने वही मागितली. बोट सोमवारच्या ओळीवर थांबले.

"आजोबा, हे काय खोडलंय?"

मी लिफाफा काढून पुढे केला आणि घडले तेवढे सांगितले. तिने झुबका तळहातावर घेतला, मग डस्टीची पाठ चाचपून पाहिली आणि काही महिन्यांत येईल परत, असा निकाल दिला. तिच्या हातूनही पहिल्या आठवड्यात हेच झाले होते, दोनदा. तिने चिकटपट्टीने तो झुबका सोमवारच्या नोंदीशेजारी चिकटवला. खाडाखोड केलेल्या जागी पूर्ण सही लागते, असे मी तिला सांगितले, तेव्हा तिने पेन दिले. मी पूर्ण सही केली, आणि खाली तपासनीस म्हणून तिने केली.

"आता फक्त," पेनाला टोपण लावत ती दबक्या आवाजात म्हणाली, "मोज्यातले तांदूळ आजीच्या डब्यात परत घालायचे राहिलेत."