शेवटचा कोण?

स्पेनमधल्या वालेन्सियाला पोचल्या पोचल्या लेकीने बजावलं, "बाबा, इथल्या मंडईत रांग दिसत नाही. पण असते."

मी ते वेदान्तासारखं ऐकलं आणि सोडून दिलं. चाळीस वर्षं पुण्याच्या मंडईत कोपरं वापरून मेथी मिळवलेल्या माणसाला कोण काय शिकवणार?

तिथलं मेर्कादो सेंत्राल, म्हणजे मध्यवर्ती मंडई, 1928 सालचं. उंच घुमट, रंगीत काचा आणि शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा चक्क एक पोपट. खाली टोमॅटोच्या गाळ्यासमोर सात-आठ बायका आणि काठीवाले एक आजोबा, सगळे विखुरलेले. कुणी कांदे बघतंय, कुणी गप्पा मारतंय. मोकळं रान समजून मी पुढे घुसलो, एक टोमॅटो उचलला आणि दाबून पाहिला.

गप्पा थांबल्या. आजोबांची काठीसुद्धा माझ्याकडे बघू लागली.

एका दमात दोन गुन्हे झाले होते. मालाला गिऱ्हाइकाने हात लावायचा नाही. गाळेवाली निवडून देते. आणि आल्याबरोबर मोठ्याने विचारायचं, "एल उल्तिमो?" म्हणजे शेवटचा कोण? जो असेल तो म्हणतो, "यो." म्हणजे मी. त्याच्यामागे आपला नंबर. मग खुशाल कुठेही उभे राहा. आपल्याकडे रेशनच्या रांगेत निदान पिशवी तरी ठेवावी लागते. इथे नुसत्या शब्दावर कारभार! माझ्या आधी कोण, एवढं एकच लक्षात ठेवायचं. मी हिरव्या झग्याच्या बाई लक्षात ठेवल्या. पाच मिनिटांत हिरवे झगे तीन झाले.

अखेर नंबर लागला. "दीमे, ग्वापो!" गाळेवाली म्हणाली. म्हणजे "बोल रे देखण्या." वय वर्षं बासष्ट, डोक्यावर मोजून चाळीस केस, आणि शेजारी सौ.

"काय म्हणाली हो ती?"

"काका म्हणाली."

मग उलटतपासणी. टोमॅटो आज हवेत की दोन दिवसांनी? सॅलडला की पावावर चोळायला? थेट आपला हापूसवाला. तिथून मी जरा सैलावलो. त्यातच पुढच्या बाईंनी "क्वार्तो इ मिताद" मागितलेलं ऐकलं होतं. लेकीने घरी उलगडा केला: पाव किलो आणि त्याच्या निम्मं, म्हणजे 375 ग्रॅम. अगं, म्हणजे दीडपाव! पुण्यात हल्ली दीडपाव म्हटलं की पोरं वडापाव मोजतात, आणि इथे समुद्रापार तो शब्द वजनकाट्यावर जिवंत. मी खूश होऊन दिसेल ते दीडपाव मागू लागलो.

शेवटी गाळेवालीने न मागता पिशवीत हिरवी जुडी कोंबली. फुकट कोथिंबीर! सौ.चे डोळे पाणावले. रात्री वरणावर सढळ हाताने पेरली, आणि पहिल्या घासाला सगळे गप्प. ती पेरेहिल, म्हणजे पार्सली निघाली. दिसायला कोथिंबिरीची सख्खी बहीण, पण माहेरचा वास अजिबात नाही. अजून तीन जुड्या फ्रिजमध्ये आहेत. फुकटचं टाकवत नाही.

गेल्या शनिवारी मात्र घात झाला. एका गाळ्यापाशी काय आहे ते बघायला नुसता थांबलो होतो. मागून एका आजींनी विचारलं, "एल उल्तिमो?"

इतके दिवस वाट पाहिलेला क्षण. छाती फुगवून म्हणालो, "यो."

आजी माझ्यामागे लागल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी. आता पळणार कुठे? नंबर आला तेव्हा कळलं, गाळा गोगलगायींचा. गाळेवाली थांबली, आजी थांबल्या, आणि तोंडातून येत होतं तेवढं वजन बाहेर पडलं.

घरी सौ.ने विचारलं, "पिशवी का हलतेय हो?"

त्यात श्रावण.