एका टाकीत पृथ्वीप्रदक्षिणा? जरा आकडेमोड करू

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी एक मजकूर नवे फोटो लावून फिरत येतो. फोटो कधी ‘ऑक्टोपस’चा असतो, कधी ‘ला दाचा’चा, कधी भलत्याच बोटीचा. मजकूर मात्र तोच: अब्जाधीशांच्या या एक्सपिडिशन यॉट्स, म्हणजे दूरच्या, बर्फाळ समुद्रांत जाण्यासाठी बांधलेल्या आलिशान खासगी बोटी, एकदा डिझेल भरलं की पृथ्वीप्रदक्षिणा करतात, आत पंचतारांकित हॉटेल जसंच्या तसं बसवलेलं असतं, बर्फ फोडत त्या थेट ध्रुवावर जातात, सहा महिने बंदराला लागावं लागत नाही, आणि खोल समुद्रात शिरल्या की त्यांना कुठल्याच देशाचा कायदा लागू नाही. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि ‘पैसा असावा तर असा’.

पैशाबद्दल वाद नाही. बाकीची पाच वाक्यं मात्र एकेक करून तपासायला हवीत. त्यांतली पहिली दोन एकमेकांशी बांधलेली आहेत आणि मजकूर लिहिणाऱ्याच्या ते गावीही नाही. आतली ऐट आणि बाहेरचा पल्ला, दोन्ही एकाच टाकीतून पितात.

आधी पल्ला. ‘ऑक्टोपस’ जर्मनीच्या ल्युर्सन यार्डाने बांधली, 2003 मध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्यासाठी. लांबी 126 मीटर. या जातीतलं हे थोरलं नाव, म्हणून हिशेब तिचाच करू. तिचा पल्ला सांगितला जातो 12,500 सागरी मैल, तोही 12.5 नॉट वेगाने. सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. गुणाकार केला की येतात 23,150 किलोमीटर. विषुववृत्ताचा घेर 40,075 किलोमीटर. म्हणजे प्रदक्षिणेचा मध्य ओलांडून थोडं पुढे गेलं की टाकी कोरडी. प्रत्यक्षात तेवढंही नाही, कारण शेवटच्या थेंबापर्यंत कुणी कप्तान जात नाही. वाटेतलं वादळ, उलटा प्रवाह, एखादं बंद बंदर यांसाठी साठा राखूनच बेत आखला जातो.

‘12.5 नॉट वेगाने’ ही अट फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढला की वेळ वाचतो, ते वजा केलं तरी दर मैलाचं डिझेल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतंच. हीच बोट 18 नॉटने हाकली तर दर मैलाला साधारण दुप्पट डिझेल जाळेल, आणि 12,500 चे सहा हजारांच्या आसपास होतील. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत कमाल वेग असतो आणि मोठ्या अक्षरांतच कमाल पल्ला. दोन्ही एकाच प्रवासात मिळत नाहीत, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

मग आणखी हळू चालवली तर पल्ला वाढतच जाईल? तिथे हॉटेल आडवं येतं. एसी, शीतगृहं, गोड्या पाण्याची यंत्रं, लाँड्री, स्वयंपाकघर, पोहण्याचा तलाव गरम ठेवणारे पंप, हे सगळं दर तासाला डिझेल खातं, जहाज चालो वा उभं राहो. जहाजवाले याला हॉटेल लोडच म्हणतात. 12.5 नॉटने 12,500 मैल म्हणजे एक हजार तास, जवळपास 42 दिवस. वेग निम्म्यावर आणला तर प्रवास 83 दिवसांचा होतो आणि हॉटेल तेवढे दिवस जेवतं. म्हणून एका मर्यादेखाली वेग उतरवून काही हाती लागत नाही. नांगर टाकून महिनाभर एखाद्या खाडीत पार्टी केली, तरी पुढचा पल्ला त्या प्रमाणात कमी झालेला असतो.

नॉर्वेच्या ‘रेव्ह ओशन’ या प्रचंड संशोधन-यॉटसाठी कागदावर 21,000 सागरी मैलांहून जास्त पल्ला सांगितला जातो. तो गृहीत धरला तरी विषुववृत्ताचे मैल भरतात 21,600 च्या वर, आणि विषुववृत्तावरून सरळ जायला मध्ये आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका नसत्या तर गोष्ट वेगळी.

इंधन न भरता, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पाहायची असेल तर गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेल्या ‘म्हादेई’कडे बघा. लांबी 56 फूट. नोव्हेंबर 2012 मध्ये अभिलाष टॉमी तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि एकाही बंदराला न लागता 2013 च्या वसंतात मुंबईला परतले. जाकुझी नाही, सिनेमागृह नाही, शिडं मात्र होती. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा, आपल्याकडचंच आहे.

दुसरं वाक्य हॉटेलचं. इथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण फोटो पाहून सगळे फसतात ते इथेच. फोटोत संगमरवरी न्हाणीघर दिसतं. हॉटेलात ती फरशी दोन सेंटिमीटर जाडीची असते. जहाजावर तोच दगड काही मिलिमीटरपर्यंत कापतात आणि ॲल्युमिनियमच्या पोकळ जाळीदार पत्र्यावर चिकटवतात. वरून इटलीचा संगमरवर, खालून विमानाच्या फरशीची जात. दगडाचं वजन पाण्याच्या किती वर बसतं यावर जहाजाची स्थिरता ठरते. वरच्या मजल्यांवर चढवलेला प्रत्येक टन खाली कुठेतरी भरून काढावा लागतो, आणि वाढलेलं वजन ओढायला पुन्हा डिझेल. लाकडाचंही तेच. जे भरीव सागवान किंवा अक्रोड वाटतं ते बहुतेक ठिकाणी कागदाएवढं पातळ व्हिनीअर, म्हणजे लाकडाचा नुसता पापुद्रा असतो. तिथे वजनाबरोबर आगीचाही नियम आहे: सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भिंतीवरच्या जळाऊ थराने दर चौरस मीटरला किती उष्णता द्यावी याला मर्यादा घातलेली आहे, 45 मेगाज्यूल. समुद्राच्या मधोमध अग्निशमन दल येत नाही.

आता फोटोतला एखादा खण बघा. त्याला साधी मूठ नसते, पितळेचं एक गोल बटण असतं. दाबलं की बाहेर येतं, धरायला मूठ होते. पुन्हा दाबलं की आत जातं आणि खण कुलपासारखा अडकतो. हे नसेल तर बोट एका अंगावर कलताच सगळे खण एकदम उघडून चांदीचे चमचे जमिनीवर येतील. टेबलाच्या कडेला बोटभर उंचवटा, कोपरे गोल केलेले, खुर्च्या जड किंवा जमिनीला अडकवता येण्याजोग्या, भिंतीच्या नक्षीतच लपवलेला हाताला धरायचा दांडा. हॉटेलच्या डिझायनरला यातलं काहीच करावं लागत नाही. मालकाची खोली पुढे, वरच्या मजल्यावर, समोर काचच काच, अशी फोटोत छान दिसते. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक सामुद्रधुनीत लाटा उठल्या की नाक सर्वांत जास्त वरखाली होतं ते तिथेच, आणि सगळ्यांना झोप हवी असते जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर. म्हणून शहाण्या बोटीत तिथेही चांगल्या खोल्या ठेवलेल्या असतात.

आणि खऱ्या एक्सपिडिशन यॉटच्या आतला मोठा भाग या फोटोंत येतच नाही. ‘ऑक्टोपस’च्या मागच्या अंगाला पाणी आत घेता येणारी गोदी आहे, पाणबुडी तिथून बाहेर पडते. हेलिकॉप्टरसाठी हँगर, त्याच्या इंधनाची वेगळी व्यवस्था, फेसाची अग्निशमन यंत्रणा, समुद्रतळावर उतरवायच्या रोबोटची खोली. मार्च 2015 मध्ये पॉल ॲलन यांच्या चमूने याच बोटीवरून फिलिपाइन्सच्या सिबुयान समुद्रात, सुमारे एक किलोमीटर खोलीवर, 1944 मध्ये बुडालेल्या ‘मुसाशी’ या जपानी महायुद्धनौकेचे अवशेष शोधले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘हूड’ या ब्रिटिश युद्धनौकेची घंटा डेन्मार्क सामुद्रधुनीच्या तळातून वर आणली, साधारण 2,800 मीटरवरून. ‘हूड’ बुडाली तेव्हा तिच्यावरच्या 1,418 जणांपैकी तिघेच वाचले होते. या बोटीबद्दल सांगण्याजोगं हे आहे. फॉरवर्डमध्ये याऐवजी सोन्याचे नळ असतात.

बर्फ फोडण्याचं वाक्य पटकन निकालात निघतं. बर्फात चालण्याची जहाजाची क्षमता ‘पोलर क्लास’ने मोजतात, पीसी 1 ते पीसी 7, आकडा जितका लहान तितकं जहाज दणकट. ‘ला दाचा’ ही 77 मीटरची डेमन कंपनीची बोट पीसी 6 वर्गातली. त्या वर्गाचा अर्थ: उन्हाळा आणि शरदात, एकाच हिवाळ्यात गोठलेल्या मध्यम जाडीच्या बर्फातून वावर. उत्तर ध्रुवाभोवतीचा अनेक वर्षं साचलेला, दोन-तीन मीटर जाडीचा बर्फ तिच्यासाठी नाही. तिथे रशियाचे अणुशक्तीवरचे आइसब्रेकर जातात. आरामदायी जहाज ध्रुवावर गेलेलंच नाही असं मात्र नाही. फ्रान्सच्या पोनाँ कंपनीचं ‘ल कमांदाँ शार्को’ सप्टेंबर 2021 मध्ये भौगोलिक उत्तर ध्रुवावर पोहोचलं. ते पीसी 2 वर्गाचं, 150 मीटरचं, तिकीट काढून जाण्याचं क्रूझ जहाज आहे. कुणाची खासगी यॉट नव्हे.

सहा महिने बंदर नको? ‘ला दाचा’च्या जाहिरातीतच स्वयंपूर्णता सांगितली जायची 40 दिवसांची, आणि जाहिरातीत कुणी आकडा कमी करून सांगत नाही. ‘ऑक्टोपस’ भाड्याने देतात तेव्हा पाहुणे बाराच, कारण बाराच्या वर प्रवासी नेले की प्रवासी जहाजांचे कडक नियम लागू होतात. त्या बारांमागे साठच्या आसपास खलाशी. सत्तर-पंचाहत्तर माणसांची पालेभाजी पहिल्या पंधरवड्यातच संपते. पाणी समुद्रातून काढता येतं हे खरं, पण समुद्र जितका थंड तितकं यंत्रातल्या मीठ अडवणाऱ्या पडद्यातून पाणी कमी झिरपतं. म्हणजे अंटार्क्टिकात तीच यंत्रं कमी पाणी देतात. आणि कचरा? प्लास्टिक जगात कुठेही समुद्रात टाकायला बंदी आहे, अंटार्क्टिकाच्या पाण्यात तेलकट पाण्याचा थेंबही सोडता येत नाही. सगळं दाबून, गोठवून, साठवून परत आणायचं. किती दिवस बाहेर राहता येईल हे पुष्कळदा टाकीऐवजी कचऱ्याची खोलीच ठरवते.

राहिला कायदा. खोल समुद्रात जहाजाला त्याच्या झेंड्याच्या देशाचा, म्हणजे ते जिथे नोंदलेलं असतं तिथला कायदा लागतो, एवढं तरी गावातल्या, शिपिंगमध्ये असलेल्या कुणालाही विचारून घ्यायचं. कॅनडाच्या आर्क्टिक पाण्यात 300 टनांवरच्या जहाजाला 2010 पासून आपली खबर देणं सक्तीचं आहे. अंटार्क्टिकात 1991 च्या माद्रिद प्रोटोकॉल या पर्यावरण-रक्षणाच्या करारानुसार आधी परवाना लागतो. भारताचाही 2022 पासून स्वतःचा अंटार्क्टिक कायदा आहे, आणि आपल्या मोहिमांचा कारभार वास्को-द-गामातल्या राष्ट्रीय ध्रुवीय केंद्रातून चालतो. किनाऱ्यावर उतरण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवावे लागतात, जॅकेटच्या वेल्क्रोमध्ये अडकलेलं गवताचं बी चिमट्याने किंवा व्हॅक्यूमने काढावं लागतं. ज्याच्या नावावर बोट आहे त्यालाही.

कायद्याच्या पलीकडेही एक गोष्ट असते. ‘राग्नार’ ही 68 मीटरची यॉट म्हणजे मूळची बर्फात चालणारी पुरवठा-नौका, नेदरलँड्समध्ये बदलून आलिशान केलेली. मार्च 2022 मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, ती नॉर्वेतल्या नार्विक बंदरात अडकून पडली. जप्तीचा हुकूम नव्हता. मालक रशियन होता म्हणून स्थानिक विक्रेत्यांनी डिझेल द्यायला नकार दिला, बस्स. वल्हवत घरी जावं, नाहीतर शीड लावावं, असं त्यांच्यातल्या एकाने नॉर्वेच्या वाहिनीला ऐकवलं. हेलिकॉप्टरची सोय, बर्फात चालणारा सांगाडा, हजारो मैलांचा पल्ला हे सगळं धक्क्याला बांधलेलं राहिलं. मालकाचं नाव तेव्हा युरोपियन युनियनच्या निर्बंधांच्या यादीतसुद्धा नव्हतं.