माशीला काजळ

रायफल शिकायला रेंजवर गेलो आणि पहिल्या दहा गोळ्या टार्गेटवर डावीकडे गेल्या. इकडेतिकडे गेल्या असत्या तर काही वाटलं नसतं, त्यात माझा हातखंडा आहे. पण या दहाही एकमेकींना चिकटून, काळ्या गोलाच्या डाव्या कडेला.

सर म्हणाले, "श्वास." मी श्वास इतका रोखला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग म्हणाले, "अरे, ट्रिगर ओढू नकोस, दाब." दाबला. गोळ्या डावीकडेच. सरांची पाठ वळताच मी मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खाचेचा, स्क्रू गुपचूप सहा क्लिक उजवीकडे फिरवला आणि लढाई जिंकल्याच्या थाटात घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो, तर सगळ्या गोळ्या उजवीकडे. त्याही अशा, की शेजारच्याने आपलं टार्गेट जरा सावरून घ्यावं.

सरांनी रायफल रिकामी करायला लावली, बोल्ट उघडा ठेवला आणि नळीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथली फोरसाइट, म्हणजे नेम धरताना खाचेतून पाहायचा छोटा उभा खुंट, जुन्या लोकांची माशी. कधीकाळी काळी असावी. कव्हरमध्ये घासून घासून कडांचं स्टील उघडं पडलं होतं आणि भांड्यासारखं लकाकत होतं. आमच्या रेंजवर सकाळचं ऊन उजवीकडून येतं. उजवी कड चमकते, डावी सावलीत विरते, आणि डोळा बिचारा चमकेल तेवढ्यालाच माशी समजून खाचेच्या मधोमध आणतो. खरी माशी तोवर डावीकडे सरकलेली असते. दोन साइटमधलं अंतर अर्धा मीटर, टार्गेट 50 मीटरवर. म्हणजे इथली अर्ध्या मिलिमीटरची फसगत तिथे 5 सेंटिमीटर. आणि दहा गुणांचं वर्तुळ केवढं? 10.4 मिलिमीटर! संध्याकाळी ऊन डावीकडून, म्हणून गोळ्या उजवीकडे. सहा क्लिकचं मी अर्थात सांगितलं नाही.

उपाय सोपा: माशी काळी करायची. मी आधी मार्कर फासला. तो वाळला आणि त्याला मोरपिसासारखी जांभळी झाक आली. आता माशी चमकत तर होतीच, शिवाय नटलेलीही होती. मग मेणबत्ती, तिची काजळी राखाडी आणि तेलकट बसली. शेवटी सरांनी कापूर काढला. जुने नेमबाज एक तर कार्बाइडचा दिवा वापरायचे, नाहीतर हा. माशीवरचं तेल पुसलं, जळता कापूर खाली धरला, ज्योतीच्या शेंड्याचा काळा धूर तिच्यावर घेतला. मखमलीसारखी काजळी बसली. खाचेतून पाहिलं तर माशीच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या! इतकी सुंदर दिसली की मी तिच्यावर अंगठा फिरवला.

पुन्हा कापूर.

या खेपेला अंगठा खिशात ठेवून नेम धरायला आडवा झालो. एरवी रेंजवर मी माशा मारतो असं लोक म्हणायचे. आज निदान एका माशीची सेवा केली होती. पाच गोळ्या झाडल्या. सरांनी दुर्बिणीतून पाहिलं. "गोळ्यांचा ग्रुप झकास," म्हणाले, "पण आहे उजवीकडेच. ऊन तर आता नाही. काय रे, साइटला हात लावला होतास का?"

"नाही सर," म्हणालो.

सरांनी वाकून स्क्रू पाहिला. त्यावर माझा काळाकुट्ट अंगठा उमटला होता. पाच गोळ्यांच्या मध्येच मी आणखी दोन क्लिक फिरवले होते.