‘तरुणपणीचा मधुमेह म्हणजे जन्मभर इन्सुलिन’ या संदेशाचा प्रतिवाद

मधुमेहाविषयी एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्याचा आशय असा : मधुमेहाचे प्रकार दोनच, टाइप १ आणि टाइप २, तिशीच्या आत झाला तर तो टाइप १ आणि त्याला जन्मभर इन्सुलिन, एखाद्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या दिसत असेल तर तो त्या घरच्या खाण्यापिण्याच्या सवयींचा परिणाम, आणि जनुके काही बदलता येत नाहीत, तेव्हा जनुकीय तपासणीवर पैसे घालवू नयेत. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत यातला काही भाग खरा असल्यामुळे संदेश पटकन पटतो. ज्यांच्या बाबतीत तो खरा नाही, त्यांना मात्र वर्षानुवर्षे चुकीचा उपचार घ्यावा लागू शकतो.

‘प्रकार दोनच’ हे विधान मुळातच चुकीचे आहे. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला करते. टाइप २ मध्ये अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि त्यात वजन, वय, राहणीमान यांची भर पडते. याखेरीज केवळ एका जनुकातील दोषामुळे होणारा मधुमेहही असतो. त्याचा एक गट ‘मॅच्युरिटी-ऑनसेट डायबेटिस ऑफ द यंग’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘मोडी’ म्हणून ओळखला जातो. रॉबर्ट टॅटरसॉल यांनी १९७४ मध्ये अशा कुटुंबांचे वर्णन केले आणि १९९२ मध्ये ग्लुकोकायनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाशी त्यातील एका प्रकाराचा संबंध सिद्ध झाला. तरुण वयातील मधुमेहाच्या शंभर रुग्णांमागे साधारण एक ते पाच जण एकजनुकी मधुमेहाचे असतात. प्रमाण थोडे आहे, पण त्या प्रत्येकाचा उपचार निदानावर अवलंबून आहे.

दुसरा मुद्दा वयाचा. लहान वयात मधुमेह झालेल्या बहुतेकांना टाइप १ असतो आणि त्यांनी इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांत, कधी काही तासांतच, जिवावर बेतू शकते. यात कोणतीही शंका नाही. परंतु वय हा निदानाचा पुरावा नव्हे. टाइप १ मध्ये सहसा आढळणारी प्रतिपिंडे रक्तात नसतील, निदानानंतर तीन-चार वर्षांनीही सी-पेप्टाइडच्या तपासणीत शरीर स्वतःचे इन्सुलिन बनवत असल्याचे दिसत असेल, वजन बेताचे असेल आणि आई किंवा वडिलांनाही तरुणपणीच मधुमेह झालेला असेल, तर डॉक्टरांनी निदानाचा पुन्हा विचार केला पाहिजे. मोडीचा सर्वांत जास्त आढळणारा एक प्रकार एचएनएफ१ए या जनुकातील दोषामुळे होतो. त्यात मूत्रपिंडे साखर लवकर लघवीत सोडून देतात. त्यामुळे असे होते, की रक्तातली साखर अजून जवळजवळ नेहमीसारखी असताना लघवीतील साखर तपासणाऱ्या पट्टीचा रंग बदललेला असतो, आणि ‘पट्टीच खराब असेल’ म्हणून ती टाकून दिली जाते. या प्रकारात सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या अगदी कमी मात्रेतही उत्तम काम करतात. टाइप १ समजून इन्सुलिनवर ठेवलेल्या अशा अनेकांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गोळ्यांवर आणता आले आहे.

‘घरच्या सवयी’ हा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढावी, पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ, आणि मधुमेह असलेली चिन्हे काळी करावीत. मोडी असलेल्या घरात काळी चिन्हे आजीकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलीकडे अशी पिढी न गाळता उतरताना दिसतात, मग त्यांतली माणसे सडसडीत असोत वा स्थूल. आई-वडिलांपैकी एकात दोष असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते आणि प्रत्येक वेळी नव्याने तितकीच असते. थोरल्याला मिळाला म्हणून धाकटा सुटला, असा हिशेब चालत नाही. यात कोणाच्याही ताटाचा दोष नाही. जन्मभर ‘तू गोड खाल्लेस म्हणून’ हे ऐकत आलेल्या माणसाला हे स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

आता ‘तपासणी निरुपयोगी’ या दाव्याकडे वळू. जनुक बदलत नाही हे खरे, पण उपचार बदलतो. ग्लुकोकायनेज हा बीटा पेशीचा साखर मोजण्याचा काटा आहे. त्याच्या जनुकात दोष असला की काटा थोडा वर सरकतो आणि शरीर साखर त्याच वरच्या पातळीवर, तितक्याच शिस्तीने, सांभाळते. म्हणून उपाशीपोटीची साखर जन्मापासून साधारण १०० ते १४५ मिलिग्रॅमच्या दरम्यान राहते आणि वर्षानुवर्षे फारशी हलत नाही. गोळ्या दिल्या तरी फरक जवळजवळ पडत नाही, डोळ्यांना किंवा मूत्रपिंडांना गंभीर इजा होण्याचे प्रमाण अत्यल्प असते आणि गरोदरपण वगळता बहुधा औषध लागतच नाही. गरोदरपणात मात्र प्रश्न नाजूक होतो. गर्भाला तोच दोष मिळाला असेल, तर आईची जास्त साखर त्याला नेहमीचीच वाटते आणि ती जोर लावून खाली आणल्यास बाळाची वाढ खुंटू शकते. मिळाला नसेल, तर बाळ गरजेपेक्षा जास्त वाढते. नेमके निदान नसताना हा निर्णय घेणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे.

इतर प्रकारांतही असेच आहे. एचएनएफ१बी या जनुकात दोष असल्यास मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते. आईकडून येणाऱ्या, ऐकू कमी येण्यासह असणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतील ऊर्जा बनवणाऱ्या घटकांच्या) दोषामुळे होणाऱ्या मधुमेहात मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी सहसा टाळतात.

नवजात बाळांचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. सहा महिन्यांच्या आत सुरू झालेला मधुमेह जवळजवळ कधीच टाइप १ नसतो. २००४ मध्ये केसीएनजे११ या जनुकातील दोष अशा बाळांत सापडला. त्यामुळे बीटा पेशीवरील पोटॅशियमचे दार उघडेच राहते आणि पेशीत इन्सुलिन असूनही ते बाहेर पडत नाही. सल्फोनिलयुरिया नेमके हेच दार बंद करते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोषाच्या ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन थांबवून गोळ्यांवर नियंत्रण साधता आले. सर्वांना हे लागू पडत नाही. इन्सुलिनच्याच जनुकात दोष असलेल्या बहुतेक बाळांना इन्सुलिनच लागते, आणि जनुकीय निष्कर्ष हाती येईपर्यंत कोणीही आपल्या मनाने इंजेक्शन बंद करू नये. पण ज्याचा मधुमेह पहिल्या सहा महिन्यांत सुरू झाला, त्याची जनुकीय तपासणी व्हायला हवी, मग तो आज पाच वर्षांचा असो वा चाळीस.