एन्रिकेचा दुबळेपणा नेमका कुठे होता?

नमस्कार. स्पेनमधल्या कॅस्टील राज्याचा पंधराव्या शतकातला राजा चौथा एन्रिके याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: पहिल्या बायकोपासून १३ वर्षांत ज्याला मूल झालं नाही, ज्याची मुलगी हुआना ही दरबारातल्या बेल्त्रान दे ला कुएवाची असं लोक उघड बोलत, ज्याचा पुतळा सरदारांनी सिंहासनावरून खाली लोटला, त्या राजासाठी मी उगाच हळहळते आहे. त्याच्यानंतर हुआनाऐवजी त्याची सावत्र बहीण इसाबेल गादीवर आली तेच बरं झालं.

तो दुबळा राजा होता यावर आपलं दुमत नाही. पण तुम्ही तो दुबळेपणा शयनगृहात शोधता आहात, मला तो त्याने केलेल्या तहांमध्ये दिसतो. आणि शयनगृहाच्या आरोपाची शिक्षा एका मुलीने जन्मभर भोगली, म्हणून मला गप्प बसवत नाही.

हुआना जन्मली फेब्रुवारी १४६२ मध्ये. तिच्या बाप्तिस्म्याला खुद्द इसाबेल धर्ममाता होती. मे महिन्यात माद्रिदला सभा भरली आणि सरदार, धर्मगुरू, नगरांचे प्रतिनिधी या सगळ्यांनी तिला वारस मानून शपथ घेतली. ती राजाची मुलगीच नाही असं बंडखोर सरदारांनी बुर्गोसहून जाहीर केलं ते सप्टेंबर १४६४ मध्ये. मधल्या काळात काय घडलं? सांतियागो या धनाढ्य लष्करी पंथाचं प्रमुखपद राजाने बेल्त्रानला दिलं. त्यावर डोळा होता हुआन पाचेकोचा, राजाच्या लहानपणापासूनच्या सोबत्याचा. पाचेको बंडखोरांना जाऊन मिळाला, आणि मग अचानक सगळ्यांना पाळण्यातलं पाप दिसू लागलं. तुम्ही ज्याच्या आधारे लिहिता तो आलोन्सो दे पालेन्सिया आधी बंडखोरांच्या बाजूचा आणि पुढे इसाबेलच्या पदरी असलेला इतिहासकार, हेही लक्षात घ्या.

आता खरा दुबळेपणा. त्याच १४६४ सालची गोष्ट. कुएन्काचा म्हातारा बिशप लोपे दे बारिएन्तोस, जो एन्रिकेचा गुरूही होता, त्याला लढायचा आग्रह करत होता. राजाचा चरित्रकार एन्रिकेस देल कास्तियो सांगतो, की राजा त्याला म्हणाला: ज्यांना स्वतः शस्त्र धरायचं नसतं ते दुसऱ्यांच्या जिवावर उदार होतात; रणात जाणारी मुलं काही तुमची नाहीत. बिशपने तिथल्या तिथे सुनावलं, की आजपासून स्पेनमधला सगळ्यात मानहीन राजा म्हणून लोक तुम्हाला ओळखतील. माणूस म्हणून मला राजाचं उत्तर पटतं. पण पुढे त्याने केलं काय? पोटच्या मुलीला बाजूला सारून अकरा वर्षांच्या सावत्र भावाला, अल्फोन्सोला वारस मानलं आणि तो पोरगा पाचेकोच्या हवाली केला. ५ जून १४६५ ला आविलाच्या वेशीबाहेर बंडखोरांनी काळे कपडे घातलेल्या पुतळ्याचा मुकुट, तलवार, राजदंड काढून घेतला, त्याला खाली लोटलं आणि ज्याला राजा केलं तो हाच मुलगा.

तुम्ही आविलाचा पुतळा सांगता, पण सिमान्कासचा सांगत नाही. त्याच उन्हाळ्यात बंडखोरांनी सिमान्कासला वेढा घातला, तेव्हा आतल्या पोरांनी तोलेदोचा आर्चबिशप कारियो याचा पुतळा केला, जुन्या कथांमधल्या देशद्रोही बिशप ओपासचं नाव त्याला दिलं आणि वेढा घालणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तो जाळला. आविलाच्या चबुतऱ्यावर कारियोनेच मुकुट काढला होता. म्हणजे राजासाठी जीव टाकणारी माणसं होती. एन्रिके मोठी फौज घेऊन तिथवर आलाही, आणि पाचेकोशी बोलणी करून फौज मोडून परत फिरला! हे वाचताना मला आजही राग येतो.

१४६८ च्या जुलैमध्ये अल्फोन्सो वारला. बंडखोरांकडे राजा उरला नाही. हीच वेळ होती हुआनाचा हक्क परत द्यायची. पण सप्टेंबरात ग्विसान्दोला तह करून त्याने इसाबेलला वारस केलं. आणि या तहात राजाला मूल होणं अशक्य होतं, असं कुठेही म्हटलेलं नाही. राणीच्या, म्हणजे हुआनाच्या आईच्या, गेल्या वर्षभरातल्या वागणुकीवर बोट ठेवलंय आणि तिचं राजाशी लग्न कायदेशीर नव्हतं असं म्हटलंय. आरोप इतका सर्वमान्य असता, तर हुआनाला वगळण्याच्या दस्तऐवजात तो का नाही?

इसाबेल कर्तबगार होती, हे मी मूळ लेखातही लिहिलंय. मात्र १४७० मध्ये एन्रिकेने पुन्हा शब्द फिरवला आणि हुआना आपलीच मुलगी असल्याची शपथ घेतली. डिसेंबर १४७४ मध्ये तो गेला, तेव्हा आत्या आणि भाची दोघींकडेही त्याच्या शब्दाचा आधार होता. गादीसाठी दोघींच्या पक्षांमधलं युद्ध १४७९ पर्यंत चाललं. हुआनाला पोर्तुगालमध्ये मठात जावं लागलं.

१४६४ च्या आधी कुणी जाहीरपणे तिचं पितृत्व नाकारल्याचा एखादा कागद तुमच्या वाचनात असेल, तर इथेच लिहा. मला तो वाचायचा आहे.