रग

कोल्हापुरात फुलेवाडीत पुतण्यानं परवा बुलेट डिव्हायडरवर घातली. वय १७. डोकं वाचलं, पायात रॉड बसला. भावंडांच्या ग्रुपवर फोटो आला आणि खाली दादाचं वाक्य: ‘रग हाय पोराच्या अंगात. आपलंच रक्त.’ त्यावर चौदा अंगठे.

दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या बाईंनी एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि उतावळेपणाच्या विकाराची, तपासणी करून घ्या म्हणून सुचवलं होतं. दादानं तेव्हाच उडवून लावलं. ‘ही समदी फॅडं. आमच्या वेळी असली पोरं तालमीत घालत हुते.’

अंगठे बघून माझं डोकं फिरलं. मी राहतो त्या स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून लांबलचक उत्तर टाकलं. स्वीडनमध्ये १७,४०८ एडीएचडी रुग्णांच्या २००६ ते २००९ या काळातल्या नोंदी तपासल्या, तर त्यांना गंभीर अपघाताचा धोका इतरांच्या जवळपास दीडपट निघाला. पुरुषांत, औषध चालू असतानाच्या काळात तो ५८ टक्क्यांनी कमी दिसला. बायकांत तसा स्पष्ट फरक दिसला नव्हता. ते मी लिहिलं नाही. शिवाय इथं रस्त्यावर अपघातात वर्षाला २००-२३० माणसं जातात, आपल्याकडं २०२२ मध्ये १,६८,४९१ गेली. लोकसंख्येनं भागायचं मुद्दाम टाळलं.

दादा म्हणाला, ‘तुमच्याकडं माणसंच किती? अन् रस्त्यावर म्हस येती काय?’

एल्क येतो, मोठं हरीण. पण ते जाऊ दे.

रग वेगळी, एडीएचडी वेगळी, एवढंच मला सांगायचं होतं. थराराची हौस हा स्वभाव झाला. तसला गडी कळून-सवरून दाबतो. लक्ष न टिकणाऱ्याला वेगाची हौस असेलच असं नाही. सिग्नल हिरवा झालेला त्याला मागच्या हॉर्नवरून कळतो. ओव्हरटेकला हात आधी वळतो, विचार मागून येतो. दोन्ही एकाच पोरात असली, की दादा त्याला रक्त म्हणतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझं निदान २०१६ मध्ये झालं, आणि ग्रुपवर ते आजही कुणाला ठाऊक नाही. इथल्या परवान्यासाठी मला डॉक्टरांचा दाखला जोडावा लागला. कोल्हापुरात फिट येते का, रंग ओळखता येतात का, अशा प्रश्नांवर टिका मारल्या की झालं होतं. इथं शिकताना हल्कबानावर, म्हणजे घसरड्या रस्त्याच्या सरावाच्या ट्रॅकवर, गाडी गरगरली तेव्हा शेजारचा प्रशिक्षक शांतपणे म्हणाला, ‘आता कळलं?’ मला तेव्हा दसरा चौक आठवत होता.

खरं सांगायचं तर कोल्हापुरात माझं लक्ष कधी हललं नाही. रिक्षा, वडाप, उसाचा ट्रॅक्टर, उलट्या दिशेनं येणारे आबा. डोक्याला दुसरीकडं जायला फुरसतच नसायची. इथं ई-सिक्स महामार्गावर सगळे आपापल्या लेनमधून सरळ जातात, आणि मी कुंग्सबाकाचा फाटा सोडून वीस किलोमीटर पुढं निघून जातो. गोळी घेतली की फाटा सापडतो. गोळीनं रंकाळाही आठवेनासा होतो की काय, अशी भीती पहिल्या वर्षी वाटायची.

ग्रुपवर शेवटी मी कायदाही टाकला: अल्पवयीन पोरानं गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणं पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. दादानं काहीच उत्तर दिलं नाही. वहिनींनी मात्र खासगीत विचारलं, ‘भावजी, ती तपासणी कुठं करत्यात?’

त्यांना अजून लिहिलेलं नाही. मे महिन्यात मी महालक्ष्मीनं उतरलो तेव्हा हाच पोरगा बुलेट घेऊन स्टेशनवर आला होता. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर नव्हतं. रंकाळ्याच्या कडेनं सकाळचा गार वारा लागला, आणि मीच मागून म्हणालो होतो, ‘दाब की रं जरा.’